क्यू घेऊन विमानाने जाताना: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

क्यू, म्हणजे स्नूकर किंवा पूल खेळायची काठी, विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. आधी हे मनाशी पक्कं करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं होतं. आपल्याकडच्या विमानतळांच्या सुरक्षेचे नियम बीसीएएस ही सरकारी यंत्रणा ठरवते. हातातल्या सामानात काय चालत नाही याची तिची यादी आहे, आणि त्या यादीत बॅट, हॉकी स्टिक, गोल्फ क्लब यांच्याच पंगतीत क्यूलाही बसवलं आहे. अमेरिकेत टीएसए या तिथल्या सुरक्षा यंत्रणेचा नियमही हाच: चेक-इनमध्ये चालेल, हातात नाही. दोन तुकडे केले, केसला कुलूप लावलं, असोसिएशनचं ओळखपत्र दाखवलं, तरी उत्तर बदलत नाही. सिक्युरिटीच्या रांगेत अडवलं की उलट पावली काउंटरवर जाऊन केस द्यावी लागते. तोवर काउंटर बंद झाला असेल तर क्यू किंवा विमान, दोन्हींतलं एक सोडायचं.

ब्रिटनमध्ये राहणारा एखादा मित्र सांगेल की तिकडे हातात नेऊ देतात. काही देशांत नियम खरंच सैल आहेत, पण नियम लागू होतो तो विमान जिथून सुटतं तिथला. शिवाय केबिन बॅगेची लांबी बहुतेक कंपन्या ५५ सेंटिमीटरच्या आसपास धरतात आणि मधोमध उघडणाऱ्या क्यूचा एक तुकडाच ७४-७५ सेंटिमीटर भरतो. सिक्युरिटीने सोडलं तरी गेटवर टेप काढून उभा असलेला माणूस सोडत नाही.

तेव्हा क्यू विमानाच्या पोटातच जाणार. तिथे तो कोणीतरी घाईत फेकणार आणि त्यावर दुसऱ्या कुणाची जड बॅग पडणार, हे गृहीत धरून तयारी करायची. स्नूकरपटू स्टीफन हेंड्रीने आपली सातही जागतिक विजेतेपदं ज्या क्यूवर मिळवली, तो २००३ साली विमानप्रवासात सामान हाताळताना मोडला. आठवं विजेतेपद त्याला पुढे मिळालं नाही. सगळा दोष त्या मोडक्या क्यूवर टाकणं बरोबर नाही म्हणा, पण खेळणाऱ्याला हा किस्सा ऐकून पोटात खड्डा पडतोच.

आधी ठरवा: न्यायचाच आहे का?

नागपूरला लग्नाला चाललाय आणि संध्याकाळी चुलतभावाबरोबर दोन फ्रेम, म्हणजे डाव, खेळायचे आहेत, एवढंच असेल तर क्यू घरी ठेवा. स्नूकर पार्लरच्या रॅकवर वीस क्यू असतात, त्यांतला एखादा सरळ निघतोच. टिप, म्हणजे पुढच्या टोकावरचं चामडं, शाबूत आहे ना एवढं बघा आणि खेळा.

टूर्नामेंट असेल, कोचिंग कॅम्प असेल किंवा शिकायला दोन वर्षं बाहेर चालला असाल, तर मात्र न्या. क्यूची सवय हाताला असते. दुसऱ्याच्या क्यूने जवळचे पॉट, म्हणजे चेंडू खिशात घालणं, जमतात. लांबचा पॉट किंवा साइड लावून, म्हणजे चेंडूला बाजूने फिरकी देऊन, मारलेला शॉट मात्र दगा देतो.

आणि देशातल्या देशात जायचं असेल तर रेल्वेचा विचार जरूर करा. इंदूरला नॅशनल्स, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, अनेकदा झाल्या आहेत. मुंबईहून तिथे जायचं तर मी अवंतिका एक्सप्रेसच सुचवेन. रात्री बसायचं, सकाळी इंदूर. क्यूची केस बर्थवर भिंतीच्या कडेने आपल्या शेजारी झोपते, तिला कोणी हात लावत नाही.

टेप घ्या आणि मोजा

तुमचा क्यू कोणत्या जातीचा आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पूर्ण लांबी साधारण सगळ्यांची सारखीच, ५७-५८ इंच म्हणजे १४५ ते १४७ सेंटिमीटर. फरक पडतो तो जॉइंट कुठे आहे याने.

पूलचे बहुतेक क्यू मधोमध उघडतात. दोन्ही तुकडे पाऊण मीटरच्या आत, केस ८० ते ८५ सेंटिमीटरची. प्रवासाला याहून सोयीचं काही नाही. स्नूकरमध्ये सेंटर जॉइंटचे क्यू मिळतात, पण बरेच जण थ्री-क्वार्टर वापरतात. त्यात जॉइंट बटाकडे, म्हणजे हातात धरायच्या जाड टोकाकडे, सरकलेला असतो आणि पुढचा तुकडाच एक मीटरच्या वर जातो, म्हणून केस १२० ते १२५ सेंटिमीटरची होते. राहिला वन-पीस, म्हणजे न उघडणारा अखंड क्यू. त्याची केस दीड मीटरची, आणि विमानप्रवासात खरी डोकेदुखी तीच.

आता बेरीज करा: केसची लांबी, रुंदी आणि उंची. चेक-इन सामानाला बऱ्याच विमान कंपन्या या तिन्हींची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा लावतात. थ्री-क्वार्टरची केस १२५ अधिक १२ अधिक ८, म्हणजे १४५. बसते. वन-पीसची १५० अधिक १० अधिक ८, म्हणजे १६८. ही ओव्हरसाइझ झाली. तिचे पैसे वेगळे आणि रांगही वेगळी.

पहिलाच क्यू घेणार असाल आणि फिरावं लागणार हे नक्की असेल, तर सेंटर जॉइंट घ्या. थ्री-क्वार्टरवाले नाक मुरडतील, मुरडू द्या. शिकणाऱ्याला टेबलावर दोघांतला फरक कळायला काही वर्षं जातात, काउंटरवर तो पहिल्याच दिवशी कळतो.

तिकीट काढताना

स्वस्त तिकीट दिसलं की बोट लगेच 'बुक'वर जातं. जरा थांबा आणि सामानाची ओळ वाचा. देशांतर्गत इकॉनॉमीत चेक-इनला साधारण १५ किलो मिळतात, पण काही कंपन्या ते एकाच नगात मोजतात. म्हणजे बॅग अकरा किलोची आणि केस तीन किलोची असली तरी नग दोन झाले, की दुसऱ्याचे पैसे लागतात. क्यू स्वतः जेमतेम अर्धा किलोचा असतो. प्रश्न वजनाचा नसतो, नगाचा आणि लांबीचा असतो. युरोपातल्या स्वस्त कंपन्यांच्या सगळ्यांत खालच्या भाड्यात तर चेक-इन बॅग धरलेलीच नसते.

कंपनीच्या संकेतस्थळावर 'क्रीडा साहित्य' असं पान असतं. त्यात गोल्फ, सायकल, सर्फबोर्ड सापडेल, क्यू बहुधा नाही. अशा वेळी फोन करण्यापेक्षा ईमेल किंवा चॅटवर विचारा आणि थेट विचारा: "स्नूकर क्यूची हार्ड केस, १२५ बाय १२ बाय ८ सेंटिमीटर, वजन साडेतीन किलो. माझ्या १५ किलोत धरणार का? वेगळा नग म्हणून किती पैसे?" उत्तराचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. काउंटरवरचा माणूस नवखा असेल तर त्यालाही त्याचा आधार वाटतो. जादा नगाचे पैसे आधी ऑनलाइन भरले तर बहुतेक वेळा काउंटरपेक्षा कमी पडतात.

कोल्हापूरसारख्या ठिकाणाहून एटीआर जातीचं छोटं विमान असेल तर लांब नगाबद्दल आधी कळवाच. त्यात सामानाची जागा मुळात कमी असते.

शक्य असेल तर थेट विमान घ्या. मध्ये विमान बदललं की केस आणखी एकदा उतरते, ट्रॉलीवर चढते, पुन्हा लादली जाते. आणि मधला वेळ तासाभराचाच असेल तर तुम्ही पोहोचाल, केस पुढच्या विमानाने येईल. सामना असेल तर निदान एक दिवस आधी पोहोचा. हे काही माझ्या पदरचं शहाणपण नाही, क्लबातला कुठलाही जुना खेळाडू हेच सांगेल.

केस

पार्लरमध्ये खांद्याला अडकवून नेतो ती कापडी किंवा रेक्झिनची मऊ बॅग इथे चालणार नाही. पूर्णविराम.

हार्ड केस हवी: ॲल्युमिनियमच्या चौकटीची, जाड प्लॅस्टिकची किंवा लाकडी. चामड्याच्या महागड्या पूल केस असतात त्याही चालतात, पण आत कडक नळ्या असतील तरच. दुकानात केस घेताना दोन गोष्टी करून बघा. बंद केस दोन टोकांना टेकवून मधोमध तळहाताने चांगला दाब द्या. वाकली तर ठेवून द्या. मग आत क्यू ठेवून केस कानाजवळ हलवा. आतून खडखड आली तर तोच आवाज विमानात हजार वेळा होणार, आणि खडखड म्हणजे टिप किंवा फेरूल (टिपेखालचं कडं) कशावर तरी आपटतंय. कडीही बघा. ॲल्युमिनियमच्या स्वस्त केसच्या कड्या पत्र्याच्या असतात आणि एका धक्क्यात उघडतात. अशा केसला निघण्याआधी दोन ठिकाणी बकलचे पट्टे आवळा.

एवढं करूनही हार्ड केस तशीच बेल्टवर सोडणं मला पसंत नाही. क्यूची केस दिसायला लांब, हलकी आणि महागडी. फेकायला सोपी आणि उचलून न्यायलाही. तिला आणखी एक कवच द्या. दोन वाटा आहेत.

पहिली वाट मोठ्या सुटकेसची. सेंटर जॉइंटच्या क्यूसाठी हीच उत्तम. सुटकेसची आतली लांबी-रुंदी मोजा आणि तिरका कर्ण काढा. आत ६८ बाय ४६ सेंटिमीटर मिळत असेल तर कर्ण ८२ सेंटिमीटर येतो. पाऊण मीटरचे तुकडे एखाद्या कडक नळीत घालून तिरके आरामात बसतात. ८५ची हार्ड केस मात्र बसत नाही, तिला आणखी मोठी सुटकेस लागते. नळीच्या खाली जीन्स, वर टॉवेल, दोन्ही टोकांना गुंडाळलेले मोजे. बूट आणि चार्जर क्यूपासून लांब. याचा एक फायदा असा की नग एकच राहतो आणि आत क्यू आहे हे कोणाला कळतही नाही.

दुसरी वाट थ्री-क्वार्टरवाल्यांची, आणि ती जाते हार्डवेअरच्या दुकानातून. सांडपाण्यासाठी वापरतात तो पीव्हीसीचा पाइप घ्या. एका क्यूला ७५ मिलिमीटर व्यासाचा पुरतो, क्यू आणि एक्स्टेन्शन (क्यूची लांबी वाढवायचा जोडतुकडा) सगळंच घालायचं तर ११० मिलिमीटरचा. तुमच्या लांब तुकड्यापेक्षा दहा सेंटिमीटर जास्त कापून मागा. एका टोकाला टोपी सोल्व्हंट सिमेंटने कायमची चिकटवा, दुसऱ्या टोकाला आट्यांची टोपी, हाताने फिरवून निघणारी. आतून फोम हवा. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळ्या फोमची नळी चढवतात, ती एसी दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळते. क्यूवर मोज्यासारखी चढते. बटासाठी जाड व्यासाची, शाफ्टसाठी, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागासाठी, बारीक. सगळा खर्च केसच्या किमतीच्या मानाने किरकोळ.

एक सावधगिरी. दोन्ही टोकांनी बंद असलेला पाइप एक्स-रेमध्ये काही फार चांगला दिसत नाही. म्हणून टोपी हत्याराशिवाय उघडायलाच हवी आणि बाहेर ठळक अक्षरांत 'स्नूकर क्यू' असं मराठी-हिंदी-इंग्रजी जे सुचेल त्यात लिहा. वर नाव, मोबाइल नंबर आणि पोहोचण्याच्या ठिकाणचा पत्ता. टोपीवर चिकटपट्टीचे वेढे मारू नका; तपासणीवाला ती ब्लेडने कापेल आणि परत लावणार नाही.

आदल्या रात्रीचं पॅकिंग

इथे घाई करू नका. क्यू ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने. शाफ्टवर साचलेली, टिपेला लावतात त्या चॉकची पूड आणि घामाचा चिकटपणा निघून जाऊ द्या. जॉइंट उघडा, पितळी आट्यांत धूळ असेल तर जुन्या टूथब्रशने काढा. जॉइंट प्रोटेक्टर असतील तर चढवा. नसतील तर आट्यांवर फोमचा तुकडा गुंडाळून रबर बँड लावा, कारण लांब प्रवासात धातूचं हे उघडं टोक शेजारच्या शाफ्टवर घासलं तर असा ओरखडा पाडतं की ब्रिज करताना, म्हणजे टेबलावर पंजा टेकवून क्यूला आधार देताना, तो पुढे वर्षभर बोटाला लागत राहतो.

टिपवर टोपी घाला. रबरी टोपी मिळते. नाहीच मिळाली तर खोडरबराच्या तुकड्याला भोक पाडून बसवा. स्नूकरच्या क्यूची टिप साडेनऊ-दहा मिलिमीटरची, पूलची तेरा मिलिमीटरच्या आसपास, त्या मापाने भोक. क्यू ठेवताना टिपेकडच्या टोकाला जास्त मऊ भरा. केस उभी आपटली की सगळा भार एका टोकावर येतो, आणि कुठलं टोक खाली असेल ते आपल्या हातात नसतं.

चॉक केसमध्ये सुटा टाकू नका. उघडल्यावर अख्खा शाफ्ट निळा झालेला दिसेल. छोट्या डबीत घाला, नाहीतर सरळ खिशात ठेवा. चॉकला हातातल्या सामानात कोणी अडवत नाही. मी खिशातच ठेवायला सांगेन. केस उशिरा आली आणि उसन्या क्यूवर खेळायची वेळ आली, तर निदान चॉक तरी आपला असतो.

टिप बदलायचं सामान, म्हणजे ब्लेड, कानस, टिप शेपर, चेक-इनमध्येच. जादा टिपा घ्या. पण निघायच्या आदल्या दिवशी नवी टिप बसवू नका. नवी टिप खेळून खेळून बसावी लागते, आणि ती बसायची जागा सामना नव्हे. बदलायचीच असेल तर आठवडाभर आधी क्लबच्या मार्करकडून, म्हणजे गुण मांडणाऱ्या आणि टेबलं सांभाळणाऱ्या माणसाकडून, बदलून घ्या.

काय अजिबात घालायचं नाही, तेही सांगतो. क्यू पुसायचं स्पिरिट घालायचं नाही. ते ज्वालाग्राही, त्यामुळे चेक-इनमध्येही नाही. टिप चिकटवताना काहींना लायटर लागतो, तोही नाही. पॉवर बँक केसच्या कप्प्यात टाकायची नाही, ती फक्त हातातल्या बॅगेत चालते. आणि ॲश लाकडाच्या क्यूला जवसाचं तेल लावणाऱ्यांनी तेलाने भिजलेलं फडकं गुंडाळून आत ठेवू नये. जवसाचं तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं, आणि चोळामोळा करून कोंबलेलं असं फडकं आपोआप पेटू शकतं. तेल लावायचंच असेल तर आठवडाभर आधी लावा आणि फडकं घरी मोकळं वाळत टाका.

केसमध्ये बटण-सेलवर चालणारा छोटा ट्रॅकर टाकला तर उत्तम. केस मुंबईतच राहिली की दिल्लीला पोहोचली, हे काउंटरवरच्या माणसाआधी तुम्हाला कळतं.

शेवटचं काम फोटोंचं. क्यूचे दोन्ही तुकडे, टिप, जॉइंट, मग केसमध्ये मांडलेला क्यू, मग बंद केस बाहेरून चारही बाजूंनी. खरेदीची पावती सापडत असेल तर तिचाही. हे फोटो कुठे लागतात ते पुढे येईलच.

विमानतळावर

नेहमीपेक्षा पाऊण तास लवकर जा. वेब चेक-इन केलं असलं तरी केस द्यायला काउंटरवर जावंच लागतं, आणि स्वतःची बॅग स्वतः सोडायच्या यंत्राकडे लांब केस घेऊन जाऊ नका. माणसाशी बोलायचं काम आहे.

बोलणं साधारण असं होतं.

"सर, यात काय आहे? फिशिंग रॉड?"

"नाही मॅडम, स्नूकरचा क्यू. लाकडी आहे, दोन तुकड्यांत."

"हे केबिनमध्ये नाही जाणार."

"माहीत आहे. चेक-इनलाच द्यायचाय. फ्रॅजाइलचा टॅग लावाल का? आणि ओव्हरसाइझच्या बेल्टवरून पाठवता येईल का?"

हे शेवटचं वाक्य विसरू नका. नेहमीच्या बेल्टला वळणं असतात, उतार असतात, आणि लांब केस वळणावर अडकली की मागची बॅग तिला ढकलते. मोठ्या विमानतळांवर लांब आणि अवजड सामानाची वेगळी जागा असते; तिथे कर्मचारी नग हातात घेतो. थोडं चालावं लागतं, चाला. फ्रॅजाइलच्या टॅगवर मात्र फार विसंबू नका. तो बघून कोणी केस फुलासारखी उचलत नाही. आणि तो लावताना कधी कधी एका छोट्या चिठ्ठीवर सही घेतात, तिच्यात 'नाजूक वस्तूच्या नुकसानीची जबाबदारी आमची नाही' अशा अर्थाचा मजकूर असतो. सही करण्याआधी वाचा. पॅकिंग चांगलं असेल तर टॅगशिवायही पाठवता येतं.

टॅगवरचं विमानतळाचं नाव स्वतः वाचा, पावती बोर्डिंग पासला चिकटवून घ्या. आपल्याकडे चेक-इन सामानाच्या स्क्रीनिंगमध्ये शंका आली तर प्रवाशाला बोलावून बॅग उघडायला सांगतात. म्हणून केस सोडल्यावर लगेच सिक्युरिटीत घुसू नका, पाच-दहा मिनिटं जवळपास थांबा आणि फोन आवाजावर ठेवा. कुलपाची किल्ली चेक-इनच्या बॅगेत नको, खिशात हवी.

अमेरिकेत उलटं आहे. तिथे टीएसएचे लोक तुमच्या गैरहजेरीत केस उघडून बघतात आणि आत एक छापील चिठ्ठी ठेवतात. साधं कुलूप असेल तर तोडू शकतात, त्यामुळे त्यांच्या मान्यतेचं कुलूप लावा. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला क्यू कसा ठेवलाय त्याचा एक फोटो छापून चिकटवा. उघडणारा माणूस स्नूकर खेळणारा नसतो. त्याला बट कुठल्या खाचेत जातं ते कळायला हवं, नाहीतर तो जसं बसेल तसं बसवून झाकण दाबतो.

देशाबाहेर जाताना

महागडा क्यू भारतातून नेऊन परत आणणार असाल तर जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परतताना 'हा तिकडून विकत आणला' असा संशय आला तर हा कागद कामाला येतो, नाहीतर स्वतःच्याच क्यूवर ड्यूटी भरायची वेळ येऊ शकते. सर्टिफिकेटसाठी वस्तू दाखवावी लागते. म्हणजे केस काउंटरवर देण्याआधी कस्टम्सच्या अधिकाऱ्याकडे जायचं. केस बेल्टवर गेली की संधी गेली.

जुन्या क्यूंबाबत एक गंभीर गोष्ट. आजोबांचा जिमखान्यातला क्यू कपाटात असेल तर त्यात फेरूल किंवा नक्षीकाम हस्तिदंताचं असू शकतं. हस्तिदंतावर आंतरराष्ट्रीय करार आणि आपला वन्यजीव कायदा दोन्ही कडक आहेत. असा क्यू देशाबाहेर नेऊ नका, भावनेच्या भरात तर नाहीच. शिसवी बटाचं तितकं टेन्शन नाही. शिसवाच्या कुळातली लाकडं २०१७पासून साइट्स या त्याच आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, पण दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना त्यातून सूट आहे, आणि क्यू तर अर्ध्या किलोचा. अपवाद ब्राझिलियन रोझवुडचा. ते पहिल्या, सगळ्यांत कडक परिशिष्टात आहे. बट कशाचं आहे हे विकणाऱ्याला विचारून घ्या.

अमेरिकेत पुढचं विमान असलं तरी पहिल्या शहरात सामान उतरवून घ्यावं लागतं, कस्टम्समधून न्यावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं. लांब केस बहुतेक वेळा फिरत्या बेल्टवर येत नाही, बाजूच्या ओव्हरसाइझच्या दारातून येते. बेल्टकडे डोळे लावून अर्धा तास उभं राहण्याआधी ते दार शोधा.

उतरल्यावर

केस हातात आली की हॉलमधून बाहेर पडण्याआधी उघडा. घरचे बाहेर वाट बघत असले तरी पाच मिनिटं थांबतील. केसचे कोपरे बघा, मग दोन्ही तुकडे डोळ्यांसमोर आडवे धरून टोकापासून टोकापर्यंत नजर टाका, टिप आणि फेरूल नखाने चाचपून पाहा, जॉइंट एकदा जोडून बघा. आटे अडकले किंवा जोडल्यावर टकटक आली तर काहीतरी बिघडलंय.

सगळं ठीक असेल तर केस बंद करा आणि मुक्कामाला पोहोचल्यावर निदान दोन-तीन तास बंदच राहू द्या. लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं. जुलैतल्या मुंबईतून निघून कोरड्या थंडीच्या देशात उतरलात तर क्यूला तो बदल हळूहळू मिळायला हवा. केसमध्ये सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या असाव्यात, जास्त नकोत. कार्बन फायबरच्या शाफ्टला ओलाव्याचं काही वाटत नाही, पण त्याचं बट बहुधा लाकडीच असतं. आणि खरं सांगायचं तर क्यू वाकतो तो विमानामुळे क्वचितच. तो वाकतो हॉटेलच्या खोलीत भिंतीला तिरका टेकवून आठवडाभर ठेवल्याने, नाहीतर मे महिन्यात नागपुरात बंद गाडीच्या डिकीत दुपारभर राहिल्याने.

आणि मोडलाच तर

तिथल्या तिथे विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर जा आणि पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म भरा. 'उद्या ईमेल करा सर' असं कोणी म्हणालं तरी फॉर्म भरल्याशिवाय हलू नका. त्याचा नंबर घ्या. घरी काढलेले फोटो इथे कामाला येतात, आणि तिथल्या तिथे नवे फोटोही काढा, केसवरच्या टॅगसकट. मोडलेला तुकडा टाकून देऊ नका.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा मॉन्ट्रियल करार लागू असेल तर नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत करावी लागते, उशिरा मिळालेल्या सामानासाठी २१ दिवसांच्या आत. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास. ही मर्यादा तुमच्या सगळ्या सामानाची मिळून, एकट्या क्यूची नाही. देशांतर्गत प्रवासात मर्यादा २०,००० रुपयांची. चांगल्या हातबनावटीच्या क्यूची किंमत याच्या कितीतरी वर जाते. कंपनी पहिलं उत्तर बहुतेक 'पॅकिंग पुरेसं नव्हतं' असंच देते. म्हणून पॅकिंगचे फोटो.

आंतरराष्ट्रीय प्रवासात एक मार्ग असा आहे की सामान देतानाच त्याची किंमत लेखी जाहीर करायची आणि त्यासाठी लागेल तो जादा आकार भरायचा. मग मर्यादा त्या किमतीपर्यंत वाढते. काउंटरवरच्या सगळ्यांना हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा आधी ईमेलवर विचारून ठेवा. प्रवास विम्यावर भिस्त ठेवणार असाल तर पॉलिसीत क्रीडा साहित्याची ओळ शोधा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं, किंवा एका वस्तूमागे इतकी कमी रक्कम ठेवलेली असते की तिच्यात नवा शाफ्टही येणार नाही. लाखाच्या वरचा क्यू असेल तर त्याचा वेगळा विमा उतरवा आणि दाव्याला पीआयआर लागतो की नाही ते एजंटाकडून लेखी घ्या.

सामना दुसऱ्या दिवशी असेल तर तक्रारीमागे रात्र घालवू नका. फॉर्मचा नंबर खिशात टाकून थेट स्पर्धेच्या ठिकाणी जा आणि तिथल्या मार्करला गाठा. सुटलेली टिप किंवा सैल फेरूल तो बसवून देतो. शाफ्टच मोडला असेल, तर तुमच्या क्यूच्या वजनाच्या आणि टिपेच्या जवळपासचा क्यू कोणाकडे उसना मिळेल, हेही त्यालाच माहीत असतं.